अणुभट्ट्यांची वाटणी : डॉ. अनिल काकोडकर यांची कामगिरी

अण्वस्त्रांच्या नियंत्रणाचा इतिहास बहुधा परिषदांचा इतिहास म्हणूनच सांगण्यात येतो. जिनीव्हा, व्हिएन्ना, न्यूयॉर्क या नगरांत राष्ट्राराष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, अमक्या दिवशी करार झाला, तमक्या राष्ट्राने सही करण्याचे नाकारले, अशा हकिकतींनी त्याची पाने भरलेली असतात. परंतु या व्यवहाराचे वर्म भाषणांत नसून याद्यांत असते. कोणती अणुभट्टी परकीय तपासनिसांस खुली करावयाची व कोणती बंद ठेवावयाची, हा प्रश्न अखेर एका कागदावर दोन रकाने आखूनच सोडवावा लागतो. आणि ते रकाने भरण्यास एकटा मुत्सद्दी पुरा पडत नाही. भट्टीच्या पोटात काय चालते हे जाणणारा मनुष्य त्याला शेजारी बसवून घ्यावा लागतो. २००५ ते २००८ या काळात भारताच्या वतीने असा जो मनुष्य त्या कागदापाशी बसला होता, तो मराठी होता. डॉ. अनिल पुरुषोत्तम काकोडकर हे त्यांचे नाव.

ज्या सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वऱ्हाडातील शेंदूरजनाघाट वसले आहे, त्याच सातपुड्याच्या पश्चिम टोकाकडे, नर्मदेच्या बाजूस, बडवानी हे गाव आहे. तेथे ११ नोव्हेंबर १९४३ रोजी काकोडकरांचा जन्म झाला. घराणे मूळचे गोव्याचे. पिता पुरुषोत्तम काकोडकर व माता कमला काकोडकर ही दोघेही गांधीजींच्या विचारांनी भारलेली. १९४६ साली गोव्यात नागरी स्वातंत्र्याचा लढा पेटला, तेव्हा पोर्तुगीज सरकारने पुरुषोत्तमरावांस पकडले व पुढे हद्दपार करून पोर्तुगालला धाडले. मुलगा त्या वेळी अवघा दोन-तीन वर्षांचा होता. त्याचे शालेय शिक्षण बडवानी व खरगोण येथे मातेच्या छत्राखाली झाले. पुढे मुंबईस रुपारेल महाविद्यालय, त्यानंतर माटुंग्याची व्हिक्टोरिया जुबिली तंत्रशिक्षण संस्था, आणि १९६३ साली यंत्र-अभियांत्रिकीची पदवी, असा त्यांचा क्रम आहे.

सत्याग्रह्याच्या पोटी अण्वस्त्रांचा शिल्पकार कसा जन्मास आला, असा प्रश्न पुष्कळदा विचारण्यात येतो. प्रश्न चमकदार आहे, पण फारसा उपयोगी नाही. मुलाने पित्याचे व्रत मोडले की दुसऱ्या रूपाने पाळले, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. इतके मात्र खरे की, आपल्या घरात काय चालावे हे दूरच्या राजधानीत बसलेल्या परक्याने ठरवू नये, ही गोष्ट ज्या घरात लहानपणापासून कानांवर पडली असेल, त्या घरातील मुलाला पुढे व्हिएन्नाच्या वाटाघाटींत आपली बाजू नव्याने शिकावी लागली नसेल.

१९६४ साली काकोडकर तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात दाखल झाले. त्या केंद्रास भाभांचे नाव अजून लागलेले नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी डॉ. होमी भाभा विमान-अपघातात निवर्तले व पुढील वर्षी केंद्राचे नामकरण भाभा अणुसंशोधन केंद्र असे झाले. काकोडकरांचा विभाग अणुभट्ट्यांच्या अभियांत्रिकीचा. १९६९ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठातून पदार्थांवरील ताणाच्या प्रायोगिक मापनाची पदव्युत्तर पदवी घेऊन ते परत आले. पोलादावर, नळ्यांवर, जोडांवर किती ताण येतो व ती कोठे दगा देतील, हे शोधण्याचे हे शास्त्र आहे. पुढील आयुष्यात त्यांनी राजकीय करारांकडेही याच नजरेने पाहिले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

काकोडकर ज्या काळात या क्षेत्रात उतरले, त्या काळाची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून २००५ नंतरचे प्रकरण उमगत नाही. अणूची गंमत, किंवा अडचण म्हणा, अशी की, वीज आणि बाँब यांची वाट बरीच अंतरापर्यंत एकच आहे. भट्टीत युरेनियम जाळले की उरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होते. ते रासायनिक क्रियेने वेगळे काढले तर पुढच्या भट्टीचे सरपण होते, आणि मनात आणले तर बाँबचे दारूगोळ्याचे कोठार होते. म्हणून १९५६ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची घटना ठरत असतानाच, जो देश अणुसाहाय्य घेईल त्याने आपल्या भट्ट्यांवर कायमची देखरेख मान्य करावी, असा आग्रह मोठ्या राष्ट्रांनी धरला. भाभांनी त्यास हरकत घेतली. ज्यांस साहाय्याची गरज आहे त्यांच्यावरच पहारा, व जे स्वयंपूर्ण आहेत ते मोकळे, ही कसली समता, असा त्यांचा मुद्दा होता. १९६८ साली अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार सह्यांसाठी खुला झाला व ५ मार्च १९७० रोजी अमलात आला, तेव्हा हा भेद कायद्याच्या भाषेतच लिहिला गेला. १ जानेवारी १९६७ पूर्वी ज्यांनी स्फोट केला होता ते अण्वस्त्रधारी; बाकीच्यांनी शस्त्राचा विचार सोडावा व आपले सर्व अणुउद्योग तपासणीस खुले करावेत. भारताने त्यावर सही केली नाही.

१८ मे १९७४ रोजी पोखरण येथे भारताने पहिला भूमिगत स्फोट केला. त्याच्या कामगिरीत निवडक माणसे होती व तिशीतले काकोडकर त्यांपैकी एक होते. स्फोटास लागलेले प्लुटोनियम तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीतून निघालेले होते. ही ४० मेगावॉटची भट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभारलेली, तिचे जड पाणी अमेरिकेकडून आलेले, आणि दोहोंचा उपयोग शांततेच्या कामासाठीच होईल असे वचन दिलेले. भारताने स्फोटास शांततामय प्रयोग म्हटले. कॅनडाला ते पटले नाही. त्याने आपली माणसे व मदत काढून घेतली आणि राजस्थानातील रावतभाट्याची दुसरी भट्टी अर्धवट अवस्थेत भारतीय अभियंत्यांच्या अंगावर पडली. अणुसामग्री विकणाऱ्या देशांनी आपला एक गट स्थापन केला. जगातील सर्वांत कडक कुलूप या गटाने घातले, व ते मुख्यतः भारताच्या दारावर होते.

महाराष्ट्रात याचा चटका तारापूरला बसला. १९६३ च्या करारान्वये अमेरिकेने तारापूरच्या दोन भट्ट्यांस तीस वर्षे इंधन पुरवावयाचे होते. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्या वीज देऊ लागल्या. परंतु १९७८ साली अमेरिकेने स्वतःचा कायदा बदलला आणि त्याच्या जोरावर जुने वचन बाजूस सारले. १९८२ पासून फ्रान्सने, पुढे चीनने व रशियाने इंधन दिले म्हणून तारापूर चालू राहिले. दिलेले वचन पुरवठा करणारा आपल्या घरच्या कायद्याने मोडू शकतो, हा धडा भाभा केंद्रातील त्या पिढीने तारापूरवरून घेतला, आणि काकोडकर तो कधीच विसरले नाहीत.

मधल्या काळातील त्यांचे काम अभियंत्याचे आहे. तुर्भ्यास १०० मेगावॉटची ‘ध्रुव’ भट्टी सर्वस्वी भारतीय रचनेने उभी राहिली, तिच्या आराखड्यात त्यांचा मोठा वाटा होता. ८ ऑगस्ट १९८५ रोजी ती पेटली खरी, पण इंधनाच्या कांड्या थरथरू लागल्याने पूर्ण शक्तीने चालण्यास १९८८ साल उजाडले. कल्पाक्कमच्या दोन वीजभट्ट्यांत जड पाणी आत सोडणारा भाग निकामी झाला, तेव्हा त्या मोडीत काढाव्या लागतात की काय अशी वेळ आली होती. किरणोत्सर्गामुळे जेथे हात घालता येत नाही अशा जागी दुरुस्ती करून त्या भट्ट्या पुनः कामास लावण्याचे श्रेय काकोडकरांस व त्यांच्या सहकाऱ्यांस आहे. परदेशातून सुटा भाग मिळत नाही, सल्लागार मिळत नाही, प्रसंगी शास्त्रीय नियतकालिकातील माहितीवर भागवावे लागते, अशा स्थितीत हे झाले. बहिष्काराने देश अडतो, परंतु त्यातील कारागीर तरबेज होतात. हे बहिष्कार घालणाऱ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. तरीही बहिष्कार फुकट गेला असे नव्हे. भारताचा अणुवीज-कार्यक्रम त्याने कित्येक वर्षे मागे खेचला, हेही मान्य केले पाहिजे.

१९९६ साली काकोडकर भाभा केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी जिनीव्हा येथे सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराचा मसुदा पुढे आला व भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष यांनी तो स्वीकारण्यास ठाम नकार दिला. दोन वर्षांनी, ११ व १३ मे १९९८ रोजी, पोखरणला पाच स्फोट झाले. त्याही कामगिरीत काकोडकर अग्रभागी होते. स्फोटानंतर भारताने आपण होऊन जाहीर केले की यापुढे चाचण्या करणार नाही. २००० साली काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि येथून त्यांच्या जीवनाचा तो भाग सुरू होतो ज्यासाठी त्यांची गणना शस्त्रनियंत्रणाच्या जाणकारांत करावी लागते.

अध्यक्षपदी आले तेव्हा त्यांच्यापुढील मुख्य अडचण बाँबची नव्हती, इंधनाची होती. भारतात युरेनियम थोडे आणि त्याचे खनिज हलक्या प्रतीचे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल. परंतु थोरियम थेट पेटत नाही. आधी साध्या भट्ट्यांत युरेनियम जाळावयाचे, त्यातील प्लुटोनियम द्रुत प्रजनक भट्टीत घालून इंधन वाढवावयाचे, आणि मग थोरियमकडे वळावयाचे, अशी तीन पायऱ्यांची योजना भाभांनी आखून ठेवली होती. पहिल्याच पायरीवर युरेनियम अपुरे पडू लागले. २००८ च्या सुमारास देशातील भट्ट्या त्यांच्या शक्तीच्या निम्म्याच्या आसपास चालत होत्या. बाहेरून युरेनियम आणावे, तर पुरवठादार गटाचे कुलूप आड येत होते.

१८ जुलै २००५ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग व अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी वॉशिंग्टन येथे संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. काकोडकर त्या शिष्टमंडळात होते. निवेदनाचा आशय असा होता : भारताने आपले मुलकी व लष्करी अणुउद्योग वेगळे करावेत, मुलकी उद्योग आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली द्यावेत, त्या बदल्यात अमेरिका आपला कायदा बदलील व पुरवठादार गटालाही वळवील. कागदावर ही गोष्ट दोन ओळींची आहे.

ती प्रत्यक्षात किती अवघड होती हे वरूड-शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागाइतदारास लवकर समजेल. एका विहिरीवर दोन बागा आहेत अशी कल्पना करावी. बाप होता तोवर पाणी कोठल्या बागेला किती गेले हे कोणी मोजले नाही. पाटही एक आणि मोटही एक. पुढे वाटणीचा प्रसंग येतो. धुरा घालणे सोपे असते, दोरी धरली की झाले. पण विहीर कोणाच्या हिश्श्यात, पाट कोणाच्या रानातून, जुन्या झाडांस पाणी कोणी द्यावयाचे, येथे भांडण उभे राहते. तुर्भे येथे आणि कल्पाक्कम येथे नेमके हेच होते. एकच प्रयोगशाळा, तेच शास्त्रज्ञ, तेच प्लुटोनियम वेगळे काढण्याचे कारखाने विजेसाठीही आणि शस्त्रासाठीही राबलेले. एखादा भाग मुलकी ठरला की तेथे तपासनीस येणार, कॅमेरे बसणार, इंधनाच्या पेट्यांवर मोहोरा लागणार, ग्रॅमाग्रॅमचा जमाखर्च व्हिएन्नाला धाडावा लागणार. आणि त्या भागातून निघालेला माल जेथे जेथे जाईल तेथे तेथे ही देखरेख त्याच्या मागोमाग जाणार. म्हणून कोणता पाट कोठे फुटतो हे ज्याला पाठ नाही, त्याने वाटणी केली तर एका चुकीने सारी विहीर परक्याच्या हिशोबात जावी.

वाद पेटला तो द्रुत प्रजनक भट्ट्यांवर. कल्पाक्कम येथे एक लहान प्रायोगिक भट्टी १९८५ पासून होती आणि ५०० मेगावॉटच्या मोठ्या नमुना-भट्टीचे बांधकाम २००४ साली सुरू झाले होते. अमेरिकेतील पुष्कळांचे म्हणणे असे की वीज करणारी प्रत्येक भट्टी मुलकी रकान्यातच गेली पाहिजे. फेब्रुवारी २००६ मध्ये काकोडकरांनी एका इंग्रजी दैनिकास मुलाखत दिली व तीत उघडपणे सांगितले की, दीर्घकाळची ऊर्जा-सुरक्षितता आणि किमान अण्वस्त्रबल या दोन्ही दृष्टींनी द्रुत प्रजनक भट्ट्या मुलकी यादीत घालता येणार नाहीत, आणि यादी ठरविण्याचा अधिकार भारताचाच आहे. सरकारी अधिकाऱ्याने वाटाघाटी चालू असताना वर्तमानपत्रातून बोलावे, हे शिष्टाचारास धरून झाले नाही अशी टीका झाली. टीका निराधार नव्हती. पण त्या मुलाखतीने एक काम मात्र झाले. वाटाघाटी करणाऱ्यांस माघार घेण्याची जागा उरली नाही, आणि ज्या प्रश्नाची चर्चा बंद दाराआड चालली होती, तो देशापुढे आला.

२ मार्च २००६ रोजी दिल्लीत वाटणी जाहीर झाली. चालू वा बांधकामाखाली असलेल्या २२ वीजभट्ट्यांपैकी १४ देखरेखीखाली जाणार होत्या, आणि तेही २०१४ पर्यंत टप्प्याटप्प्याने. त्यांतील सहा, म्हणजे तारापूरच्या जुन्या दोन, रावतभाट्याच्या पहिल्या दोन आणि कुडनकुलमच्या दोन, तशाही आधीच्या करारांनी बांधलेल्या होत्या. म्हणजे नव्याने दिलेल्या आठच. कैगा येथील चार, कल्पाक्कमच्या दोन, आणि तारापूरच्याच आवारातील तिसरी व चौथी या आठ बाहेर राहिल्या. द्रुत प्रजनक भट्ट्याही बाहेर राहिल्या. उलटपक्षी ‘सायरस’ २०१० साली कायमची बंद करावयाची आणि १९५६ साली पेटलेल्या ‘अप्सरा’चे इंधन भाभा केंद्राबाहेर हलवावयाचे, असे भारताने कबूल केले.

या वाटणीत भारताने काय कमावले हे जसे पाहिले पाहिजे, तसे जगाने काय गमावले असे काहींस वाटले तेही पाहिले पाहिजे. शस्त्रनियंत्रणाच्या पुष्कळ अभ्यासकांचे म्हणणे असे होते की, प्रसारबंदीच्या करारावर सही न करता, उलट स्फोट करून, ज्या देशाला इंधनाचे दार उघडते, तो देश इतरांस कोणता धडा घालून देतो? देशातील युरेनियम पूर्वी वीज व शस्त्रे या दोन्ही कामी वाटले जात असे. आता विजेसाठी बाहेरचे आले म्हणजे घरचे सारे शस्त्रांकडे वळविण्यास मोकळीक मिळाली, हा त्यांचा हिशोब होता. २००६ सालीच झिया मियां, ए. एच. नय्यर, आर. राजारामन व एम. व्ही. रमणा या पाकिस्तानी व भारतीय शास्त्रज्ञांनी मिळून मांडणी केली की कल्पाक्कमची प्रजनक भट्टी वर्षाला शस्त्रयोग्य असे सुमारे १३० किलो प्लुटोनियम देऊ शकेल. ती क्षमता आहे, हेतू नव्हे, हे खरे. पण शेजाऱ्याच्या हेतूवर भरवसा ठेवता आला असता, तर शस्त्रनियंत्रण नावाचे शास्त्र निपजलेच नसते. पाकिस्तानातील लोकांस या आकड्याने झोप लागली नसेल तर त्यांस दोष देता येत नाही.

घरातूनही विरोध झाला, तो अगदी उलट दिशेने. ऑगस्ट २००६ मध्ये होमी सेठना, पी. के. अय्यंगार, एम. आर. श्रीनिवासन आदी निवृत्त अणुशास्त्रज्ञांनी संसदेच्या सभासदांस आवाहन केले की या कराराने भारताचे हात कायमचे बांधले जातील. यांतील कित्येक काकोडकरांचे वडीलधारे. ज्या खुर्चीवर ते बसले होते, तिच्यावर यांपैकी तिघे पूर्वी बसलेले. बाहेरचे म्हणत, भारतास फार मिळाले. घरचे म्हणत, फार दिले. दोन्ही बाजूंनी असा मारा होत असताना काकोडकरांनी घरच्या आक्षेपांचा उपयोग पुढच्या वाटाघाटींत आपली बाजू कणखर करण्यासाठी करून घेतला असे दिसते. डिसेंबर २००६ मध्ये अमेरिकेने केलेल्या कायद्यातील काही कलमे त्यांस पसंत नव्हती, आणि २००७ च्या उन्हाळ्यात द्विपक्षीय कराराचा मसुदा ठरेपर्यंत वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या हक्काबद्दल घासाघीस चालू होती. या हक्काशिवाय भाभांची दुसरी पायरीच नाहीशी होते, म्हणून येथे सवलत देणे शक्य नव्हते.

नंतर व्हिएन्नाचे प्रकरण आले. आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर जो देखरेखीचा करार करावयाचा, त्याच्या वाटाघाटी अणुऊर्जा खात्याने केल्या. यात तारापूरची आठवण स्पष्ट उमटली आहे. प्रसारबंदीच्या करारात सामील झालेल्या देशाची सर्वच्या सर्व अणुसामग्री तपासणीखाली येते. भारताचा करार तसा नाही. भारत ज्या भट्ट्यांची नावे आपण होऊन देईल तेवढ्यांनाच तो लागू. देखरेख कायमची, परंतु कायमच्या देखरेखीची सांगड अखंड इंधनपुरवठ्याशी घातलेली. आणि पुरवठा तुटला तर भारत ‘सुधारात्मक उपाय’ योजू शकेल, असे शब्द त्यात घालण्यात आले. हे शब्द प्रस्तावनेत आहेत, कलमांत नाहीत, आणि उपाय कोणते हे कोठेच सांगितलेले नाही. टीकाकारांनी यावर बोट ठेवले. करारशास्त्राच्या दृष्टीने ही जागा कच्ची आहे हे नाकारता येणार नाही. पण शब्द मुळीच नसते तर भारताच्या हाती काय उरले असते, हेही विचारले पाहिजे.

डाव्या पक्षांनी जुलै २००८ मध्ये पाठिंबा काढून घेतला व २२ जुलै रोजी सरकार लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ मतांनी तरले. १ ऑगस्ट रोजी व्हिएन्ना येथे संस्थेच्या नियामक मंडळाने देखरेखीचा करार मंजूर केला. मंडळापुढे भारताची बाजू मांडण्यास काकोडकर जातीने उपस्थित होते. राहिला पुरवठादार गट. त्यात तेव्हा ४५ देश होते व निर्णय एकमतानेच व्हावयाचा. ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड या लहान पण अण्वस्त्रविरोधी देशांनी शेवटपर्यंत अडवून धरले. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी चाचण्या न करण्याच्या वचनाचा जाहीर पुनरुच्चार केला, तेव्हा ६ सप्टेंबर २००८ रोजी गटाने भारतापुरते कुलूप काढले. सुमारे ३४ वर्षांचा बहिष्कार तेथे संपला. पुढे त्याच गटाचे सभासदत्व भारताने २०१६ साली मागितले, तेव्हा मात्र सोलच्या बैठकीत एकमत झाले नाही.

परिणाम लवकर दिसले. रशिया, कझाकस्तान, फ्रान्स येथून युरेनियम येऊ लागले व अर्ध्या शक्तीने धापा टाकणाऱ्या भट्ट्या पुनः भरदार चालू लागल्या. २०१५ साली कॅनडाच्या कंपनीने पाच वर्षांत तीन हजार टनांहून अधिक युरेनियम देण्याचा करार केला. १९७४ साली पाठ फिरवून गेलेला हा पहिला सावकार असा इतक्या वर्षांनी परत आला. मात्र ज्या अमेरिकेने हे सारे घडवून आणले, तिच्या कंपनीची एकही भट्टी पुढील पंधरा वर्षांत भारतात उभी राहिली नाही.

नोव्हेंबर २००९ मध्ये काकोडकर निवृत्त झाले. त्या वर्षी त्यांस पद्मविभूषण मिळाले होते. जाता जाता एक कटु वादही त्यांच्या वाट्यास आला : १९९८ च्या पोखरण-कामगिरीतील एक ज्येष्ठ अधिकारी के. संथानम यांनी तेव्हाचा औष्णिक-अण्वस्त्राचा स्फोट अपेक्षेइतका झाला नव्हता असे जाहीरपणे म्हटले. काकोडकर व त्यांचे पूर्वसूरी चिदंबरम यांनी मापनांचे आकडे पुढे करून ते खोडून काढले. हा वाद शास्त्राचा दिसतो, पण त्याच्या मुळाशी चाचणीबंदीचाच प्रश्न होता. स्फोट अपुरा असेल तर पुनः चाचणी करावी लागेल, आणि पुनः चाचणी केली तर व्हिएन्नात मिळविलेले सारे गमवावे लागेल.

निवृत्तीनंतरच्या त्यांच्या एका लेखाचा उल्लेख टाळता येणार नाही. कोकणात जैतापूर येथे फ्रेंच भट्ट्या बसविण्यास तेथील शेतकरी व मच्छीमार कडाडून विरोध करीत होते. जानेवारी २०११ मध्ये एका मराठी दैनिकात काकोडकरांनी लिहिले की, निर्बंध उठविण्याच्या कामी अमेरिका, रशिया व फ्रान्स या देशांनी मध्यस्थी केली होती, तेव्हा त्यांच्या व्यापारी हितसंबंधांचाही विचार करणे भाग होते. अणुखात्यातील माणसे इतके मोकळे सहसा बोलत नाहीत. करार फुकट झाला नव्हता, त्याची किंमत कोठे तरी कोणाला तरी मोजावी लागणार होती, आणि ती माडबन-साखरी नाट्याच्या लोकांच्या दारी येऊन उभी राहिली होती. वाटणी करताना त्या लोकांस कोणी विचारले नव्हते. काकोडकरांनी जैतापूरचे समर्थन सोडले नाही. पण कारण लपविलेही नाही.

‘सायरस’ ठरल्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०१० रोजी बंद झाली. तिची हकीकत तुर्भ्याच्या जुन्या लोकांस विशेष लागली असणार, कारण थोड्याच वर्षांपूर्वी ती उघडून, गंजलेले भाग बदलून, नव्याने चालू करण्यात आली होती आणि तिच्यात आणखी बरीच वर्षे धुगधुगी होती. चौदा भट्ट्या २०१४ अखेर देखरेखीखाली गेल्या. ज्या भट्टीसाठी काकोडकरांनी शिष्टाचार मोडला, ती कल्पाक्कमची प्रजनक भट्टी मात्र लांबत लांबत गेली. तिचा गाभा भरण्यास आरंभ झाला तो मार्च २०२४ मध्ये, पाया घातल्यापासून सुमारे वीस वर्षांनी. त्या दिवशी काकोडकर ऐंशी वर्षांचे होते, आणि भट्टीच्या इंधनाचा जमाखर्च व्हिएन्नाच्या वहीत लिहावयाचा नव्हता.